रुग्णालयाच्या नोंदींवरून ‘अल्पलाभ उपचार’ मोजता येतील का?

गोदाकाठचा

नमस्कार. नाशिकमधील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात मी वैद्यकीय अभिलेख विभागात, म्हणजे सगळे ज्याला एमआरडी म्हणतात तिथे, काम करतो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. रुग्ण घरी गेला की त्याचा केसपेपर आमच्याकडे येतो. त्याची पाने लावायची, डिस्चार्ज कार्डावरील निदानाला आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणातला संकेतांक द्यायचा आणि विम्याचे किंवा कोर्टाचे काम निघाले की फाईल शोधून द्यायची, एवढेच आमचे काम. गेल्या वर्षी आमच्या गुणवत्ता समितीत एक प्रश्न निघाला आणि तो फिरून माझ्याच टेबलावर आला: ज्याचा रुग्णाला फारसा फायदा होत नाही असे आपल्याकडे काय काय केले जाते, आणि ते आपल्याच नोंदींवरून मोजता येईल का?

आधी शब्दाबद्दल. इंग्रजीत याला ‘लो-व्हॅल्यू केअर’ म्हणतात. त्याचे ‘अल्पमूल्य उपचार’ केले तर मराठी माणसाला ते स्वस्त उपचार वाटतील, आणि हे उपचार तर बहुतेक वेळा चांगलेच महाग असतात. ‘अनावश्यक’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो, कारण तो उच्चारताच समोरचे डॉक्टर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे गप्प होतात. म्हणून ‘अल्पलाभ’: ज्या तपासणीतून किंवा उपचारातून, त्या विशिष्ट रुग्णाच्या बाबतीत, मिळणारा फायदा नगण्य असतो आणि धोका, त्रास किंवा खर्च त्याहून मोठा असतो.

अशा गोष्टींच्या याद्या तयार आहेत. अमेरिकेत २०१२ मध्ये ‘चूझिंग वाइजली’ ही मोहीम सुरू झाली आणि तिथल्या तज्ज्ञ संघटनांनी आपापल्या शाखेत काय टाळावे हे स्वतःच लिहून दिले. आपल्याकडे नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याच्या पुढाकाराने २०१९ मध्ये कर्करोगोपचारात टाळाव्यात अशा दहा गोष्टींची यादी प्रसिद्ध झाली. यादी वाचून माना डोलावणे सोपे असते. आमच्या समितीने तीनच गोष्टी निवडल्या: धोक्याची लक्षणे नसलेल्या कंबरदुखीत पहिल्या सहा आठवड्यांत केलेला एमआरआय, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी सरसकट केल्या जाणाऱ्या तपासण्या, आणि तापात एकदाच केलेली विडाल, म्हणजे विषमज्वरासाठीची (टायफॉइडची) रक्तचाचणी.

मला वाटले होते की संगणकातून यादी काढली की झाले. प्रत्यक्षात मी तिथेच अडकलो. आमच्या बिलिंगच्या प्रणालीत गॉजचा तुकडा आणि हातमोज्यांची जोडीसुद्धा सुटत नाही. कोणत्या रुग्णाचा कोणता एमआरआय किती वाजता झाला हे सेकंदापर्यंत सांगता येते. पण तो का केला, हे कुठेच नाही. मागणीपत्रावर ‘क्लिनिकल हिस्टरी’ असा एक चौकोन असतो. त्यात ‘एलबीपी’ म्हणजे कंबरदुखी एवढी तीन अक्षरे असतात, किंवा मग सहीची शेपटी तिथपर्यंत आलेली असते. दुखणे किती दिवसांचे, पायात ताकद कमी झाली आहे का, लघवीवरचा ताबा गेला आहे का, वजन घटले आहे का, पूर्वी कर्करोग होता का, पडण्याचा इतिहास आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांवरच तो एमआरआय गरजेचा की अल्पलाभ हे ठरणार. आणि ती उत्तरे डॉक्टरांच्या डोक्यात असतात, कागदावर नसतात. डिस्चार्ज कार्डावर मी ‘एम ५४.५’ हा संकेतांक टाकतो आणि त्या एका संकेतांकाखाली गरजवंत आणि बिनगरजवंत दोघेही शेजारी शेजारी बसतात.

थोडक्यात, आमच्याकडे खर्चाची नोंद आहे, कारणाची नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी पुढे कसे जावे ते सांगावे.

आकडेमोड

चांगला धागा. मी निवृत्त सांख्यिकी प्राध्यापक आहे, त्यामुळे वैद्यकातले कळत नाही, पण मोजण्यातले थोडे कळते.

तुमची अडचण नवी नाही. अमेरिकेतील मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विमा योजनेच्या २००९ च्या दाव्यांवर एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २६ अल्पलाभ सेवा निवडल्या होत्या आणि प्रत्येकीची मोजणी दोन व्याख्यांनी केली होती. एक सैल व्याख्या, जिच्यात संशयित प्रकरण सुटत नाही पण निर्दोषही अडकतात. दुसरी कडक, जिच्यात निर्दोष अडकत नाहीत पण बरेच खरे निसटतात. सैल व्याख्येने पाहिले तर वर्षभरात ४२ टक्के लाभार्थ्यांना किमान एक अल्पलाभ सेवा मिळालेली दिसली, कडक व्याख्येने २५ टक्के. खर्चातील तफावत तर त्याहून मोठी होती: एकीकडे एकूण खर्चाच्या २.७ टक्के, दुसरीकडे ०.६ टक्के. त्याच नोंदी, तेच रुग्ण, आणि उत्तर चौपटीहून अधिक बदलते.

यावरून माझी पहिली सूचना अशी की समितीला एकच आकडा कधीही देऊ नका, दोन द्या. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे हे सांगा आणि जे डॉक्टर भांडतील त्यांना कडक व्याख्येचा आकडा दाखवा, कारण त्यावर भांडायला जागा कमी असते.

दुसरी सूचना छेदाबद्दल. ‘या महिन्यात इतके अल्पलाभ एमआरआय झाले’ या वाक्याला अर्थ नाही. समजा, एका डॉक्टरांनी असे १० एमआरआय केले आणि दुसऱ्यांनी ४. पहिल्यांनी कंबरदुखीचे २०० रुग्ण पाहिले असतील आणि दुसऱ्यांनी २०, तर दोष कोणाकडे आहे? छेदात ‘सर्व एमआरआय’ घ्यायचे की ‘कंबरदुखीचे सर्व रुग्ण’, यावर चित्र उलटते. दुसरा छेद हवा असेल तर ओपीडीच्या नोंदी लागतील, आणि माझा अंदाज आहे की तुमच्याकडे ओपीडीचा कागद रुग्ण घरी घेऊन जातो.

गोदाकाठचा

सर, अंदाज तंतोतंत खरा आहे. ओपीडीचा कागद रुग्णाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो आणि आमच्याकडे केवळ पावती क्रमांक उरतो.

भूल आणि भान

मी भूलतज्ज्ञ आहे, शहरातील चार-पाच रुग्णालयांत जाते. मोतीबिंदूपूर्व तपासण्यांवर लिहिते, कारण त्यात आमचा हात मोठा आहे.

शास्त्राच्या बाजूने प्रश्न जवळपास मिटलेला आहे. १९ हजारांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या सरसकट तपासण्या केल्या, म्हणजे ईसीजी, रक्तपेशी आणि रक्तातील रसायने. निम्म्यांच्या केल्या नाहीत. दोन्ही गटांत वैद्यकीय गुंतागुंतीचे प्रमाण सारखेच, दर हजारी सुमारे ३१ निघाले. तपासणीमुळे काहीही टळले नाही. नीट विचारपूस आणि शारीरिक तपासणी करावीच लागते, ती वेगळी गोष्ट.

मग आम्ही ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि कित्येकदा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सुद्धा का मागतो? प्रामाणिक उत्तर असे की उद्या टेबलावर काही झाले तर ‘ईसीजी का नव्हता’ हा प्रश्न मला विचारला जाईल. ‘ईसीजी का केला’ असे आजवर मला कोणी विचारलेले नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट केले, तेव्हापासून ही भीती आमच्या पिढीच्या हाडात मुरली आहे. तुमच्या मोजणीत ही भीती कुठेच दिसणार नाही, फक्त ईसीजी दिसेल.

एक व्यवहार्य उपाय सांगते. एका ठिकाणी आम्ही लेखी नियमावली केली: कोणत्या शस्त्रक्रियेला, कोणत्या वयात, कोणत्या आजारात कोणती तपासणी हवी, आणि तिच्यावर शल्यचिकित्सक, फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ अशा तिघांच्याही सह्या घेतल्या. तपासणी न करण्याचा निर्णय माझा एकटीचा न राहता रुग्णालयाचा झाला. भीती गेली असे म्हणणार नाही, पण वाटली गेली.

पिंपळगावकर

मी द्राक्ष बागायतदार आहे आणि मला इथे रुग्णाची बाजू मांडायची आहे. ती फार सोज्वळ नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत माझी कंबर धरली. नाशिकला एका अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी तपासले, औषध दिले, तीन-चार आठवडे थांबा म्हणाले. मी थांबलो नाही. घरी सगळे म्हणू लागले की एवढ्या लांब जाऊन फोटोसुद्धा काढला नाही, मग डॉक्टरांनी पाहिले तरी काय. आठवड्याने मी दुसरीकडे गेलो आणि स्वतःच एमआरआय मागितला. अहवालात ‘डिस्क बल्ज’ (मणक्यातली चकती फुगणे) आणि ‘डीजनरेशन’ (झीज) असे शब्द आले आणि मी त्या शब्दांनी आजारी पडलो. वाकायचे बंद केले, ट्रॅक्टरवर बसायचे बंद केले, ऑपरेशनचा खर्च विचारून आलो. दुखणे आपोआप कमी झाले होते, तरी मी दोन महिने पट्टा लावून फिरत होतो.

मग पहिल्या डॉक्टरांकडेच परत गेलो. त्यांनी न रागावता समजावले की या वयात दहा धडधाकट माणसांचा एमआरआय काढला तर अनेकांच्या अहवालात हेच शब्द सापडतील. हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी ऐकले असते का, हे मात्र शपथेवर सांगता येत नाही. डॉक्टरांकडून कारण लिहून घ्यायचे असेल तर ‘रुग्णाचा आग्रह’ असाही एक पर्याय ठेवा. तो पुष्कळ वेळा खरा ठरेल.

आकडेमोड

पिंपळगावकर, तुमच्या डॉक्टरांनी सांगितले त्याला पक्का आधार आहे. कसलेही दुखणे नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के निरोगी लोकांच्या मणक्यांत चकत्यांची झीज दिसली. डिस्क बल्ज विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. केस पिकण्यासारखेच आहे ते.

आणि ‘रुग्णाचा आग्रह’ हा पर्याय मला फार आवडला. तो लिहिला गेला तर निदान हे तरी कळेल की प्रबोधन कोणाचे करायचे आहे.

रोखठोक

सगळे वाचले. एवढेच विचारतो की ज्या रुग्णालयाने कर्ज काढून एमआरआय यंत्र बसवले आहे, ते स्वतःचे एमआरआय कमी करण्यासाठी आकडेवारी का गोळा करेल? ‘कट’बद्दल, म्हणजे रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला मिळणाऱ्या दलालीबद्दल, इथे कोणी अवाक्षर काढलेले नाही. २०१७ मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला होता, पण कायदा काही झाला नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरांचा वाटा बिलिंगच्या प्रणालीत कोणत्या नावाने लिहितात, तेही जरा मोजा.

गोदाकाठचा

प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचे शोभिवंत उत्तर नाही. आमच्या समितीने तीन गोष्टी निवडल्या, त्यांपैकी दोन स्वस्त आहेत. हे मलाही दिसते. एमआरआय यादीत आला तो एका अस्थिरोगतज्ज्ञांच्या हट्टामुळे. मात्र जिथे पॅकेज आहे तिथे हिशेब उलटा होतो, हे लक्षात घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा दर ठरलेला असतो आणि तपासण्या त्यातच येतात, त्यामुळे प्रत्येक जादा तपासणी रुग्णालयाच्या खिशातून जाते. त्याच छताखाली, त्याच आजारासाठी, योजनेतल्या रुग्णाच्या आणि रोख पैसे देणाऱ्या रुग्णाच्या तपासण्यांची तुलना केली तर आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळेल. ती तुलना मी केली आहे. समितीपुढे अजून ठेवलेली नाही.

दावेदार

मी टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांसाठी दावे हाताळणाऱ्या त्रयस्थ संस्थेत, कॅशलेसचे अर्ज तपासतो. गोदाकाठचा यांचे म्हणणे असे की कारणाची नोंदच नाही. माझा अनुभव त्याहून वाईट आहे: अनेकदा कारण लिहिलेले असते, पण ते आमच्यासाठी लिहिलेले असते.

बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत किमान २४ तास दाखल असावे लागते आणि केवळ तपासणीसाठी दाखल झालेल्या रुग्णाचा दावा नाकारता येतो. ही अट विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांतच आहे. त्यामुळे ज्याला ओपीडीत एमआरआय पुरला असता तो दाखल होतो आणि अर्जावर ‘असह्य वेदना, शिरेतून औषधे आवश्यक’ असे येते. तापाचा रुग्ण ‘आर ५०.९’ म्हणजे कारण न समजलेला ताप म्हणून आला तर प्रश्न विचारले जातात. विडाल थोडी वर असली आणि ‘ए ०१.०’ म्हणजे विषमज्वर लिहिला तर मंजुरी सोपी होते. उद्या तुम्ही या नोंदींवरून नाशिकमधील विषमज्वराचे प्रमाण काढलेत, तर तो आजाराचा नकाशा नसेल, आमच्या मंजुरीच्या नियमांचा असेल.

म्हणून चौकोन भरून घेण्याआधी तो चौकोन कोण वाचणार आहे ते ठरवा. विमा कंपनीला जाणाऱ्या कागदावर खरे कारण मिळेल अशी आशा धरू नका.

रोखठोक

म्हणजे दोन वह्या ठेवायच्या? एक सावकाराची आणि एक घरची?

दावेदार

तसे मी म्हटलेले नाही, पण आज एकच वही आहे आणि ती सावकाराची आहे.

घाटमाथा

मी सुरगाणा तालुक्यात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे विडालवर बोलण्याचा थोडा अधिकार समजतो.

ही चाचणी १८९६ मधील आहे. जिथे विषमज्वर कायमच असतो तिथे निरोगी माणसाच्या रक्तातही ती थोडीफार सकारात्मक येते, म्हणून एकदाच केलेल्या विडालवरून निदान करू नये, हे आम्हाला विद्यार्थिदशेतच शिकवतात. खरा पुरावा ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणे, आणि तेसुद्धा अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घेतलेले. पण ब्लड कल्चरची सोय जिथे नाही, जिथून रुग्ण उद्या दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला निघून जाणार आहे आणि पुन्हा दिसणार नाही, तिथे डॉक्टर विडाल करतो आणि औषध देतो. तुमच्या मापाने हा अल्पलाभ उपचार ठरेल. मी त्याला सोयीच्या अभावाची नोंद म्हणेन. याउलट ज्या शहरी रुग्णालयात कल्चर होते आणि तरीही विडाल आधी पाठवली जाते, तिथे तुमचा शब्द चपखल बसतो. एकच माप दोन्हीकडे लावू नये.

आणखी एक. ज्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन कोणी मोजलेच नाही, ती तुमच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही. मोजणी फक्त केलेल्या गोष्टींची होते, न केलेल्या गोष्टीचे बिल फाटत नाही. तुमच्या समितीने एका बाजूला ‘केले पण नको होते’ आणि दुसऱ्या बाजूला ‘हवे होते पण केले नाही’ असे दोन्ही रकाने ठेवले, तर डॉक्टरांनाही हे केवळ काटकसरीचे प्रकरण वाटणार नाही.

सुईण नव्हे डॉक्टर

सिझेरियनचा विषय निघाला नाही याचे आश्चर्य वाटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात सिझेरियनचे प्रमाण २१.५ टक्के होते. सरकारी संस्थांत १४.३ आणि खासगीत ४७.४. एवढ्यावरून खासगी डॉक्टरांना झोडपता येते, पण शिकता काहीच येत नाही, कारण कोणत्या बाया कुठे गेल्या हे त्यात नाही.

इथे मात्र कारणाचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. २००१ मध्ये मांडलेले रॉबसन वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून शिफारस म्हणून स्वीकारले. त्यात प्रत्येक बाळंतिणीची दहापैकी एका गटात नोंद होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे मत लागत नाही. पहिलटकरीण आहे का, आधी सिझेरियन झाले आहे का, बाळ एक की जुळे, डोके खाली आहे का, दिवस भरले आहेत का, कळा आपोआप सुरू झाल्या की आणल्या, एवढ्या सहा गोष्टी पुरतात, आणि त्या केसपेपरवर असतातच. मग पहिल्या गटाची तुलना पहिल्या गटाशीच होते. आमच्या प्रसूतिगृहात आम्ही हे सुरू केले तेव्हा सगळ्यांचे लक्ष पाचव्या गटाकडे, म्हणजे आधी सिझेरियन झालेल्यांकडे होते. मुळाशी जाऊन पाहिले तर प्रश्न दुसऱ्या गटात होता: पहिलटकरणींच्या कळा घाईने आणल्या जात होत्या, आणि त्याच बाया दोन-तीन वर्षांनी पाचव्या गटात येत होत्या.

एमआरडीच्या मंडळींनी सुरुवात इथून करावी असे माझे मत आहे.

गोदाकाठचा

सर्वांचे आभार. ताई, आपले म्हणणे मला सर्वाधिक उपयोगाचे वाटले, कारण त्यातून माझी एक चूक कळली. मी ‘कारण लिहा’ असे म्हणत होतो. कारण हे मत आहे आणि मत ज्याच्यासाठी लिहावे तसे वाकते, हे दावेदार यांनी दाखवून दिले. रॉबसनमध्ये मत नाही, रुग्णाची स्थिती आहे. तेव्हा एमआरआयच्या मागणीपत्रावरचा मोकळा चौकोन काढून तिथे खुणा करायचे रकाने ठेवावेत असे मी समितीला सुचवणार आहे: दुखणे किती आठवड्यांचे, ताकद कमी आहे की नाही, लघवीवर ताबा आहे की नाही, ताप, वजन, कर्करोगाचा इतिहास, मार लागल्याचा इतिहास. आणि सर्वांत खाली पिंपळगावकरांचा रकाना. कागद एकच राहील, त्यामुळे दोन वह्यांचा प्रश्न येणार नाही. खोटी खूण करता येईलच, पण ‘पायात ताकद नाही’ अशी खोटी खूण करणे हे ‘असह्य वेदना’ लिहिण्याइतके सोपे नाही, कारण आतल्या पानावर फिजिओथेरपिस्टची नोंद असते.

आकडे डॉक्टरांना कसे द्यायचे, यावरही वाचन केले. अमेरिकेतील २४८ डॉक्टरांवरील एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्दी-खोकल्यात गरज नसताना अँटिबायोटिक देणाऱ्यांवर दोन उपाय परिणामकारक ठरले: औषध लिहिताना त्याचे कारण नोंदवायला लावणे, आणि उत्तम सहकाऱ्यांच्या तुलनेत आपण कुठे आहोत हे प्रत्येकाला ईमेलने कळवणे. दुसऱ्या उपायाच्या गटात असे प्रमाण १८ महिन्यांत १९.९ टक्क्यांवरून ३.७ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातही घट झाली होती, म्हणून सगळे श्रेय ईमेलला देता येत नाही, पण फरक लक्षणीय होता. आमच्याकडे असा तक्ता नोटीस बोर्डावर लावण्याची सूचना आली होती. ती मी विरोध करून थांबवली आहे. बाहेरून येणारे सल्लागार डॉक्टर चार रुग्णालयांत जातात. ज्याचे नाव बोर्डावर चढेल तो रुग्ण घेऊन पाचव्या रुग्णालयात जाईल.

भूल आणि भान

नावे न लिहिताही ओळख पटते, याची काळजी घ्या. तुमच्याकडे मणक्याचे दोनच शल्यचिकित्सक असतील तर ‘डॉक्टर अ’ आणि ‘डॉक्टर ब’ म्हणून काय लपणार? रुग्णांचेही तसेच आहे. वय, गाव आणि आजार लिहिला की छोट्या गावात नाव लिहिल्यासारखेच असते.

आकडेमोड

एक सुचवू का? आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध सक्तीचा असतो. तुमचे एक वर्षाचे मागणीपत्र आणि केसपेपर घेऊन, नैतिक समितीची परवानगी काढून, एखाद्या विद्यार्थ्याला हे काम देता येईल. व्याख्या दोन्ही वापराव्यात, आणि एकच फाईल दोघांनी स्वतंत्रपणे तपासावी. दोघांचे एकमत किती वेळा होते हा आकडा मला सगळ्यांत आधी बघायला आवडेल.

गोदाकाठचा

सर, विचारून पाहतो. तूर्तास नव्या मागणीपत्राच्या शंभर प्रती छापून घेतल्या आहेत आणि सोमवारपासून एकाच अस्थिरोग ओपीडीत त्या वापरणार आहोत. एक अडचण आजच समोर आली: रविवारी आणि रात्री मागणीपत्र निवासी डॉक्टर भरतात आणि सल्लागार फोनवर फक्त ‘एमआरआय करून घ्या’ एवढेच सांगतात. त्या वेळी रकाने कोणी भरायचे, यावर उद्या बैठक आहे. काय ठरते ते इथेच कळवतो.